मफलर

गच्चीवरच्या हवेतून गाळणकागदावर धरलेल्या धुळीत त्या आठवड्यात नॅफ्थलीन सापडलं, याचं कुणाला काही वाटलं नाही. शहराची हवा म्हटल्यावर तीत काय सापडायचं नाही! पण गच्ची कधी पाहिलीच नव्हती अशा कोऱ्या गाळणकागदातही ते गच्चीच्या तिप्पट निघालं, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी चष्मा काढून कपाळ चोळलं.

"म्हणजे श्वास बाहेर घ्या आणि आत आल्यावर रोखून धरा, असं छापू का अहवालात?"

मग धुणंपुसणं सुरू झालं. काचेची भांडी पुन्हा भट्टीत भाजून निघाली, कागद भिजवायच्या द्रावकाच्या नव्या बाटल्या उघडल्या, सहायिकेची हाताला लावायची क्रीम हद्दपार झाली. मशीनच्या आलेखावर नॅफ्थलीनचं शिखर मात्र होतं तस्संच, ताठ. शेवटी सहायिकेनं नाक वर करून खोलीत एक फेरी मारली आणि काकांपाशी येऊन थांबली.

काका म्हणजे तिथले सर्वांत जुने रसायनतज्ज्ञ. थंडीच्या दिवसांत एसीच्या गारठ्यात ते पांढऱ्या कोटाच्या आत लोकरीचा मफलर गुंडाळत. मफलर काकूंचा. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. मफलर काही धुतला गेला नव्हता.

"काका, रागावू नका हं. डांबरगोळ्यांचा वास येतोय. नॅफ्थलीन म्हणजे तेच की."

"काहीतरीच! हा तिचा वास आहे."

"सगळ्यांनाच येतोय, काका. या आठवड्यात थंडी सुरू झाल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

यावर सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. बाई हळूच म्हणाल्या, "धुऊन टाका हो. एवढंच."

"एवढंच?" काकांचा आवाज चिरकला. "तिचा वास येईल असं घरात दुसरं काही उरलेलं नाही, बाई. थांबा, मशीनच सांगेल. साबण निघेल, तेल निघेल... ती निघेल."

त्यांनी स्वतःच कात्रीनं मफलरचं टोक कापलं, द्रावकात बुडवलं, हलवलं, गाळलं, आटवत आटवत थेंबावर आणलं. जन्मभर परकी धूळ दिली तसाच तो थेंब मशीनला दिला.

आलेख सरकू लागला. एक शिखर आलं. मग सपाट रेष, पार शेवटपर्यंत.

सहायिका रडायच्या बेतात आली. "नुसतं नॅफ्थलीन, काका. काकूंचं काहीच नाही."

काका त्या रेषेवर वाकले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत, कळेना.

"अगं, हेच तिचं! माझ्या रुमालांतसुद्धा गोळी टाकायची. लग्न झाल्यापासून या वासावरून भांडत आलो मी तिच्याशी. शेवटच्या थंडीतही म्हणालो, नाक जळतंय, फेक त्या गोळ्या."

बाई वास जावा म्हणून खिडकी उघडायला उठल्या होत्या. त्या पुन्हा बसल्या.

"आजचे नमुने," त्या म्हणाल्या, "उद्या मोजू."