नीलगिरी सोसायटीच्या बेकुलूप मेलची हकिकत

मौजे बोरीवली, प्रांत उपनगर, येथील नीलगिरी सोसायटीवर स्पॅमाची स्वारी जाहली, ते समयी जे वर्तमान घडले ते पुढिलांस दाखला व्हावा म्हणोन यथास्थित लिहिले असे.

राजश्री केयूरराव, कमिटीचे सभासद, पेशा संगणकाचा, मिजास सरदारकीची, यांस सोसायटीच्या मेलखात्यात भगदाड नजरेस आले, की पासवर्डावाचून कोणीही परका सेक्रेटरी काशीरामरावांचे नावे खलिते धाडू शके, आणि केस वाढविण्याच्या तेलाचे खलिते धाडीतही होता. मग केयूररावांनी मेलखाते चालविणाऱ्या ठेकेदार कंपनीस अर्ज केला, जबाब आला नाही. आणि काशीरामरावांस अर्ज केला, तो हुकूम जाहला की, गोष्ट चारचौघात फोडू नये, सोसायटीची अब्रू जाते. केयूररावांसही पटले, कारण भगदाड जाहीर करावे तर उरलेसुरले चोरही तेथूनच शिरतील. आणि काही न करिता आपण मुत्सद्दी ठरतो, हे त्यांस बहुत मानवले.

इतक्यात शेजारच्या वयोवृद्ध कुंदाबाई मोबाईल घेऊन दारी आल्या. काशीरामरावांचे नावे खलिता होता, की पाणी तोडण्यात येईल, ओटीपी कळवावा. आणि बाई आकडे वाचावयास चष्मा शोधीत होत्या. रावांनी फोन हिसकावोन घेतला आणि सारी हकिकत कथिली.

बाई म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाहीस रे?"

मग रावांचे घरात मसलत जाहली, आणि पत्नी सईबाईसाहेबांनी निवाडा दिला, "चोरांना माहितीच आहे. माहीत नाही ते फक्त आपल्या लोकांना."

मग रावांनी कंबर बांधोन, भगदाडाची जागा गुप्त ठेवोन परंतु भगदाड आहे हे उघड करोन, जाहीरनामा सोसायटीच्या मेलवरून समस्त रहिवाशांस धाडिला आणि जयजयकाराची वाट पाहत बसले. कोणी हू की चू केले नाही. शोध घेता कळले की, सोसायटीचे नाव इतके बदनाम जाहले होते की, राजश्रींचा जाहीरनामा घरोघरी तेलाचे जाहिरातीशेजारी स्पॅममध्येच पडला.

मग गर्व गिळोन तोच मजकूर कागदावर छापिला आणि लिफ्टच्या आरशावर डकविला. केस विंचरावयास थबकले ते वाचो लागले, आणि सायंकाळी अवघी फौज काशीरामरावांचे दारी उभी ठाकली, आणि सेक्रेटरींनी कंपनीस ऐसा कडक फोन केला की दुसरेच दिवशी भगदाड बुजले.

येणेप्रमाणे स्पॅमाचा मोड होऊन फत्ते केयूररावांचे नावे रुजू जाहली. आणि आरशावरील डिंकाचे डाग त्यांनीच खरवडोन काढावे, ऐसा हुकूम काशीरामरावांनी मेलद्वारे सोडिला, तो बिनचूक इनबॉक्सात पोचला.