सरकारी जागेतला हिरा

हॉल भरून मुलं दाराबाहेर उभी राहतील, असं सरांनी प्राचार्य मॅडमना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा मॅडमनी चष्मा काढला. मग तो सावकाश पुसला. मॅडम चष्मा पुसायला लागल्या की कोणाच्या तरी विभागावर गदा येते, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

या वेळी पाळी अकाउंटिंगची होती. वर्षागणिक प्रवेश घटत होते. मुलांना वाटायचं, हा विषय घेतला की जन्मभर बिनखिडकीच्या खोलीत बसून आकड्यांची बेरीज करायची आणि चाळिशीत टक्कल पडायचं. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून ते सरांकडेच बोट दाखवायचे. या वर्षी जागा भरल्या नाहीत तर विभागाच्या दोन्ही खोल्या ड्रेस डिझाइनच्या कोर्सला जाणार, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. ड्रेस डिझाइनवाल्यांनी तर येऊन पडद्यांची मापंही घेऊन टाकली होती.

सर हाडाचे शिक्षक. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे, खडूचा तुकडा संपेपर्यंत वापरणारे आणि फळ्यावर दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वर्गाबाहेर न पडणारे. मुलं त्यांना पाठीमागे ‘ताळेबंद’ म्हणायची. पिढ्यान्‌पिढ्या हे नाव चालत आलं होतं आणि सरांच्या कानावर मात्र कधी गेलं नव्हतं. त्यांचा दोष एकच होता. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसत.

त्यांनी ठरवलं, जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं. अकाउंटिंग शिकून माणूस कुठे कुठे पोचतो, ते मुलांनी आणि पालकांनी डोळ्यांनी बघावं. एका बड्या ऑडिट फर्मच्या मालकांनी यायचं कबूल केलं. दुसरा पाहुणा कोण, याचा सरांना विचारच करावा लागला नाही. विभागाच्या भिंतीवर विद्यापीठात पहिल्या आलेल्या एका मुलाचा फोटो होता. सर त्याला हिरा म्हणायचे. असा विद्यार्थी पुन्हा झाला नाही, हे वाक्य ते प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी ऐकवत आणि तिथेच तिचा उत्साह संपवत.

हिऱ्याच्या घरचा नंबर जुन्या वहीत सापडला. फोन त्याच्या आईनं उचलला. तिचा आवाज जरा पडलेला होता. तो इथे नसतो, सरकारी जागेत असतो, तिथून तोच फोन करतो, एवढं बोलून तिनं सरांचा नंबर घेतला. सर फोन ठेवून खुर्चीत मागे रेलले. सरकारी जागा! पोरानं नाव काढलं.

चार दिवसांनी हिऱ्याचा फोन आला.

“सर, तुम्ही मला बोलावताय?” तो चाचरत म्हणाला. “माझ्याबद्दल... तुम्ही पेपरात वाचलं असेल ना?”

सरांनी काहीही वाचलं नव्हतं. घरी पेपर येई, पण सरांची मजल शब्दकोड्यापलीकडे जात नसे. आता हे कबूल कसं करणार?

“वाचलं तर,” सर म्हणाले. “सगळं माहीत आहे मला. ऊर भरून आला.”

मग हिऱ्यानं विचारलं, तरीही सर त्याला मुलांसमोर उभं करणार का? सर म्हणाले, तरीही काय, म्हणूनच करणार. हिऱ्याचा आवाज ओलावला. नेमणूक किती दिवसांची, या सरांच्या प्रश्नावर तो किंचित थांबून म्हणाला, पाच वर्षं, त्यातली दोन झाली. राहायचं काय, जेवणाचं काय, हे सरांनी वडिलकीनं विचारून घेतलं. सगळं तिकडूनच मिळतं, म्हणाला, कपडेसुद्धा. यायचं तर साहेबांची परवानगी काढावी लागेल, बरोबर दोन माणसं असतील आणि अंधार पडायच्या आत परतावं लागेल.

“अरे, एवढा जबाबदारीचा माणूस तू,” सर म्हणाले, “तुझ्या सोयीनंच करू सगळं.”

त्या दिवसापासून सर जमिनीपासून चार बोटं वरून चालायला लागले. मॅडमना त्यांनी सांगितलं की पाहुणा सरकारी बंदोबस्तात येतोय. मॅडमनी ताबडतोब पहिल्या रांगेत सोफा टाकायला लावला. सरांनी बायकोलाही सांगायचा प्रयत्न केला, पण ती इस्पितळात नर्स होती. तिची रात्रपाळी आणि सरांची दिवसपाळी. त्यांची भेट व्हायची ती दारात, एकाच्या हातात किल्ली आणि दुसऱ्याच्या हातात डबा असताना. हिरा येणार म्हटल्यावर ती थबकली आणि तिनं विचारलं, “अहो, पण तो कुठे आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?” सर म्हणाले, सगळं माहीत आहे. ती म्हणाली, मग तुमचं मन मोठं आहे. सरांना ते पटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिला दणका सकाळीच बसला. ऑडिट फर्मच्या मालकांचा घसा बसला होता. त्यांनी आपल्या जागी एका तपासनीस बाईंना पाठवलं. बाई स्टेजवर चढल्या आणि सरांनी त्यांना ओळखलं. ही तर हिऱ्याच्याच वर्गातली, शेवटच्या बाकावरची! ही परीक्षेतसुद्धा जांभया द्यायची. हिला एका पेपराला दोनदा बसावं लागलं होतं आणि त्या वेळी सरांनी तिला प्रेमानं दुसरा एखादा विषय सुचवला होता. बाईंनी हसून नमस्कार केला. त्या काही विसरलेल्या दिसत नव्हत्या.

हॉल निम्मासुद्धा भरला नव्हता. जी मुलं होती ती मोबाईलवर होती आणि जे पालक होते ते दाराकडे बघत होते. हिरा अजून आला नव्हता. वेळ भरून काढायला सरांनी माइक हातात घेतला आणि त्याची ओळख आधीच करून दिली. आज आपल्यात एक असा विद्यार्थी येतोय, की ज्याला सरकारनं पाच वर्षांसाठी बोलावून घेतलं. त्याच्या राहण्याजेवणाची, कपड्यालत्त्याची काळजी सरकार वाहतं. तो एकटा कुठे जात नाही. त्याला कुठे जाऊच देत नाहीत! मागच्या रांगेतल्या एका आईनं आपल्या मुलाला कोपरानं ढोसलं आणि ऐक जरा, अशी खूण केली.

मग दिवे मालवले गेले. तपासनीस बाई पडद्यावर चित्रं दाखवत बोलू लागल्या. तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. हिरा आला होता. जरा वाळला होता आणि त्याचे केस बारीक कापलेले होते. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड माणसं होती, तिघंही साध्या कपड्यांत. सरांनी धावत जाऊन तिघांनाही गुच्छ दिले आणि अंधारातच सोफ्यावर नेऊन बसवलं. मॅडमनी त्या दोघांना पाणी हवं का विचारलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्यांची नजर हॉलच्या दारांवर होती.

स्टेजवर बाई रंगात आल्या होत्या. त्या सांगत होत्या, हिशेबनीस म्हणजे फक्त बेरीज करणारा माणूस नव्हे. काहींचं काम खोटे हिशेब हुंगून काढायचं असतं. त्यांच्याकडे एक प्रकरण आलं होतं. एका कारखान्यात माल पुरवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची बिलं नियमानं चुकती व्हायची, पण त्यातल्या काही कंपन्या जगात नव्हत्याच. कारखान्याच्या हिशेबनिसानं त्या कागदावर जन्माला घातल्या होत्या. काम इतकं सफाईदार, की आधीच्या सगळ्या तपासनिसांनी हात टेकले होते.

“मीही हात टेकणार होते,” बाई म्हणाल्या. “पण त्या यादीत एक नाव होतं. बाहेरच्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नसतं. मला मात्र ते बघून हसू फुटलं. म्हटलं, हे नाव फक्त आमच्या कॉलेजात शिकलेल्या माणसालाच सुचू शकतं.”

पडद्यावर नाव उमटलं. ‘ताळेबंद अँड सन्स’.

मग मुलांच्या रांगांमधून हसण्याची अशी लाट उठली, की बाहेरून जाणारे आत डोकावले. मोबाईल खाली गेले आणि सगळ्या माना एकदम सरांकडे वळल्या. सरही मागे वळून बघू लागले, कोणाकडे बघतायत म्हणून. मागे भिंत होती. मग त्यांना उलगडलं. आपल्याला एक नाव आहे, ते सगळ्या जगाला माहीत आहे आणि त्या नावानं एक बोगस कंपनी चालवली गेली आहे, या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी कळल्यावर माणसाचं जे होतं ते सरांचं झालं. त्यांनी वरचं बटण उघडलं.

तेवढ्यात सोफ्यावरून एक आवाज आला.

“नाव मी प्रेमानं ठेवलं होतं, सर.”

कोणीतरी दिवे लावले. हिरा उभा होता, हातात गुच्छ घेऊन. त्याच्याबरोबर ती दोन माणसंही उभी राहिली होती आणि एकाचा हात त्याच्या दंडावर होता. बाईंच्या हातातून माइक निसटला. त्याचा आवाज बंदुकीसारखा झाला आणि दुसऱ्या माणसानं झटकन कमरेला हात घातला. मॅडम सोफ्यावरून अशा उठल्या, जणू सोफ्याला आग लागली होती.

“सर,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “सरकारी जागा म्हणजे तुरुंग?”

नेमणूक, परवानगी, दोन माणसं, कपडे... एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात ओळीनं उभी राहिली आणि दोन्ही बाजू बिनचूक जुळल्या. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ती सरांच्या बाबतीत फरशीसकट सरकली.

“सरांना माहीत होतं,” हिरा चटकन मॅडमना म्हणाला. “सगळं माहीत असून त्यांनी मला बोलावलं. मला तर भेटायलाही कोणी येत नाही.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांना मनापासून म्हणायचं होतं की मला माहीत नव्हतं, आणि नेमकं आज ते म्हणता येत नव्हतं. त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि त्याला हाताला धरून स्टेजवर नेलं.

हिऱ्यानं भाषण केलंच नाही. मुलांनीच प्रश्नांचा भडिमार केला. पहिली खोटी नोंद करताना काय वाटलं, असं एका मुलीनं विचारलं.

“काहीच वाटलं नाही, तेच वाईट झालं,” तो म्हणाला. “पण तिला सांभाळायला दुसरी करावी लागली आणि दुसरीला तिसरी. एकटी नोंद कधी उभी राहत नाही, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मला वाटलं, ते परीक्षेपुरतं आहे.”

मग तपासनीस बाईंनी घसा खाकरला. त्या प्रकरणातली एक गाठ त्यांना शेवटपर्यंत सुटली नव्हती, असं म्हणत त्यांनी त्याला काहीतरी विचारलं. हिऱ्यानं फळ्यावर चौकोन काढून समजावलं. बाईंनी मान हलवत ते उतरवून घेतलं. हिऱ्याबरोबरच्या दोघांपैकी एकानं हात वर केला. सगळे दचकले. त्याला विचारायचं होतं, नोकरी करून हा कोर्स करता येतो का?

ऊन उतरायच्या आत हिरा निघाला. सरांनी दिलेला गुच्छ त्याच्या माणसानं उलटा करून झटकला, आत काही नाही याची खात्री केली आणि मग परत दिला. हिरा सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी त्याला मधेच धरून उभं केलं. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले की भेटायला येईन. आणि म्हणाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण खरंच जाणार आहोत.

घरी बायको दारातच भेटली. तिला म्हणे सुरुवातीपासून ठाऊक होतं. चौथ्या पानावर आलं होतं. शब्दकोडं पाचव्या पानावर असतं.

प्रवेश सुरू झाले आणि अकाउंटिंगच्या जागा पहिल्या आठवड्यातच भरल्या. निम्म्या मुलांना तपासनीस व्हायचं होतं. उरलेल्या निम्म्यांना काय व्हायचं होतं, ते सरांनी मुद्दामच विचारलं नाही. ड्रेस डिझाइनवाले आपली मापं घेऊन परत गेले. मॅडमनी सरांना बोलावून घेतलं, कधी नव्हे तो चहा मागवला आणि पुढच्या वर्षीही असाच एखादा जुना विद्यार्थी बघा, म्हणाल्या.

सर ताडकन उठले. त्यांच्या हाताखालून शेकडो मुलं गेली, त्यात वाकड्या वाटेला लागलेला हा एकच, बाकी सगळी सरळ मार्गानं चालणारी आहेत, असं त्यांनी मॅडमना ठणकावलं आणि चहा न पिताच ते बाहेर पडले. जिना उतरता उतरता त्यांना आणखी दोन नावं आठवली. त्यातलं एक सध्या खालच्याच मजल्यावर, कॉलेजच्या हिशेब खात्यात बसत होतं.