आधी शिट्टी, मग विचार

"गाडीत काही झालं, तर कोणी घाबरायचं नाही. मी आहे!"

मामांनी ही घोषणा गाडी सुटायच्या आधीच केली, आणि तीही अशा आवाजात की समोरच्या बाकावर स्वेटर विणत बसलेल्या आजींचा एक टाका सुटला. त्यांनी चष्म्यावरून मामांकडे पाहिलं.

"काय होणार आहे?"

"काही नाही हो. पण झालंच तर!"

मामा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. काही दिवसांपूर्वी तिथे आगीपासून बचावाचं प्रशिक्षण झालं. शेवटी अग्निसुरक्षा प्रमुख नेमायची वेळ आली, तेव्हा बाकी सगळे जेवायला पळाले होते आणि मामा चपला शोधत मागे राहिले होते. नेमणूक त्यांचीच झाली! त्यांना एक नारिंगी जाकीट मिळालं, त्याच्या छातीवर आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत हुद्दा, आणि गळ्यात अडकवायला शिट्टी. प्रशिक्षकाचं एकच वाक्य त्यांनी काळजावर कोरून घेतलं होतं : 'आधी शिट्टी, मग विचार.' पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधून वाफ येताना दिसली आणि मामांनी अख्खा कारखाना रस्त्यावर आणून उभा केला. साहेब चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले होते, त्यामुळे मागे केबिनमध्ये कितीही शोधलं तरी आग काही सापडली नाही.

पण आजचा दिवस मामांचा नव्हता. आज दिवस होता भावोजींचा, म्हणजे मामांच्या बहिणीच्या यजमानांचा. भावोजी इंजिन ड्रायव्हर, आणि आजची ही त्यांची शेवटची फेरी. उद्यापासून निवृत्त. इंजिनात भावोजी, आणि इंजिनाच्या मागच्याच डब्यात त्यांची बायको, म्हणजे आक्का, मुलगी आणि मेहुणा, असा सगळा लवाजमा निघाला होता. शेवटच्या स्टेशनावर सत्कार होता. बँड होता, फुलांचे गुच्छ होते, स्टेशनमास्तर स्वतः भाषण करणार होते.

भावोजींना आयुष्यात अभिमान एकाच गोष्टीचा. आपल्यामुळे गाडीला कधी उशीर झाला नाही. सिग्नल मिळाला नाही तर म्हणायचे, "तो सिग्नलचा उशीर. माझा नव्हे." धुकं पडलं तर, "धुक्याचा उशीर. माझा नव्हे." स्वतःच्या लग्नाला मात्र हा माणूस चांगला तासभर उशिरा आला होता! कारण काय, तर त्या दिवशी बदली ड्रायव्हर आजारी पडला. भावोजींनी आधी गाडी वेळेवर पोचवली आणि मग स्वतः पोचले.

"मी नटूनथटून बसलेय, पाहुणे घड्याळं बघतायत, आणि हे तिकडे यार्डात गाडी लावतायत!" ही कथा आक्का वर्षातून निदान चारदा सांगायची. भावोजींचं उत्तरही ठरलेलं. "गाडीत सातशे माणसं होती. लग्नात तू एकटीच होतीस."

असं असलं तरी ही शेवटची गाडी वेळेवर पोचावी असं भावोजींच्या खालोखाल कोणाला वाटत असेल तर ते आक्काला. म्हणून निघतानाच तिने भावाला बजावलं होतं. "बाळ्या, आज कसलीही गडबड करायची नाही."

"अगं, गडबड होऊ नये म्हणून तर मी आलोय!"

गाडी मजेत चालली होती. भाची खिडकीशी बसून फोटो काढत होती. आक्काने डबा उघडला. एवढ्यात एका वळणाआधी गाडीचा वेग कमी होऊ लागला आणि मामांचं नाक वर झालं.

"वास येतोय."

"डब्याचा आहे," आक्का म्हणाली.

"जळका वास येतोय!"

मामांनी खिडकीच्या गजांना गाल लावून खाली पाहिलं. चाकांपाशी निळसर धुराची एक बारीक रेघ तरंगत होती. त्यांनी पिशवीतून जाकीट काढलं.

"ब्रेकचा धूर आहे तो," आक्का म्हणाली. "एका ड्रायव्हरबरोबर संसार केलाय मी. यांच्या कपड्यांना आयुष्यभर हाच वास. घाल ते आत."

"आक्का, धूर तिथे आग! लहान मुलांनाही ठाऊक असतं."

वळण संपलं, गाडीने वेग घेतला आणि धूर नाहीसा झाला. दुसरा कोणी असता तर खाली बसला असता. मामांनी जाकीट अंगात चढवलं आणि ते अधिकच गंभीर झाले.

"गेला ना धूर?" भाची म्हणाली.

"गेला नाही. दडलाय! वारा लागला की आग आतल्या आत धुमसते. प्रशिक्षणात सांगितलंय."

"मामा, तुझं प्रशिक्षण किती वेळ होतं?"

"वेळेचा प्रश्न नाही. एकाग्रतेचा आहे!"

पुढे एका पुलाआधी गाडी पुन्हा मंदावली, आणि या वेळी धूर चांगला भसाभसा आला. वास डब्यात शिरला. आजींनी पदराने नाक झाकलं. पलीकडचा एक पेन्सिलींचा विक्रेता उठून उभा राहिला आणि मामांच्या जाकिटाकडे बघत आदराने म्हणाला, "साहेब, काय करायचं?"

साहेब! मामांना आजवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. तो शब्द कानावर पडला आणि आक्काची ताकीद त्यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली. त्यांनी शिट्टी फुंकली, आणि विचार करायची पाळी यायच्या आत साखळी ओढली.

"बाळ्या!" आक्का किंचाळली.

साखळी ओढल्यावर गाडीला सगळे ब्रेक करकचून लागतात. ते लागले. करकर आवाज झाला, आजींचा लोकरीचा गुंडा बाकाखाली धावत गेला, आक्काचा डबा पेन्सिलवाल्याच्या मांडीवर उपडा झाला, आणि पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत अशी काही धुराची लाट उठली की खिडकीबाहेरचं झाडही दिसेना!

"बघा!" मामा विजयाने ओरडले. "बघितलंत? वेळेवर थांबवली म्हणून वाचलो! सगळे खाली उतरा! धक्काबुक्की नको! म्हातारी माणसं आधी!"

"मी ही ओळ पुरी करते," आजी म्हणाल्या.

आक्काही जागची हलली नाही. बाकी डबा मात्र खाली उतरला. मामांनी लोकांची रांग लावली आणि पाण्याच्या बाटल्या हातोहात पुढे आणायला लावल्या. पहिली बाटली चाकावर रिकामी होणार, तोच मागून धापा टाकत गाडीचा गार्ड आला.

"अहो, थांबा! तापलेल्या चाकावर गार पाणी? चाक तडकलं तर उचलून नेणार आहात का तुम्ही?"

"आग लागलीय!" मामा म्हणाले.

"कुठे?"

मामांनी धुराकडे बोट दाखवलं. धूर तेवढ्यात विरून गेला होता. बोट तसंच राहिलं.

गार्ड तसा भला माणूस होता. त्याने कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात घासा बरं."

मामांनी घासले.

"गरम लागले?"

"हो."

"आता तळव्यांच्या जागी ही अख्खी गाडी धरा. एवढी पळती गाडी थांबवायची म्हणजे तिचा जोर कुठेतरी जायला नको का? हा बघा, चाकाशेजारचा ठोकळा. याला आम्ही ब्रेक ब्लॉक म्हणतो. हा चाकावर दाबला जातो, घासतो, तापतो. गाडीचा सगळा जोर या घासण्यात उष्णता होऊन जातो. थोडा वास, थोडा धूर रोजचाच आहे."

"थोडा?" मामांनी शेवटचा किल्ला लढवला. "अहो, झाड दिसेना!"

"कारण ब्लॉक नवे आहेत. नवा ब्लॉक चाकावर नीट बसलेला नसतो. एखाद्या कडेनेच घासतो, तिथे फार तापतो. त्यात राळेसारखं काहीतरी असतं, ते जळून धूर येतो. नवी चप्पल कशी चार दिवस चावते? तसंच. झिजला की बसतो जागेवर."

"पण गाडीने वेग घेतला की धूर थांबत होता, त्याचं काय?"

"वेग घेताना आम्ही ब्रेक लावत नाही, साहेब."

पेन्सिलवाला हसला. मघाचा आदर कुठल्या कुठे गेला होता.

"पण ब्रेक लावलेले नसताना, गाडी पळत असताना चाकातून धूर येत राहिला, तर मात्र आम्हाला जरूर सांगा," गार्ड म्हणाला. "ब्रेक चिकटलेला असतो तेव्हा."

"आणि सगळ्या गाडीला एकदम नवे ब्लॉक कसे?" आक्काने खिडकीतून विचारलं.

गार्ड जरा ओशाळला. "दुरुस्तीच्या शेडमधल्या पोरांनी बसवले, वहिनी. म्हणाले, साहेबांची शेवटची फेरी, गाडी कशी लोण्यासारखी थांबली पाहिजे. प्रेमाने केलं हो त्यांनी."

एवढ्यात गार्डच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. भावोजींचा आवाज आला. "साखळी कोणी ओढली?"

गार्डने मामांकडे पाहिलं, मग आक्काकडे. "साहेब... तुमच्या मेहुण्यांनी."



"जखमी कोणी?"

"एक डबा सांडलाय."

"त्याला आत बसव. आणि शक्य असेल तर बांधून ठेव."

साखळी जागेवर बसवून, ब्रेक सुटून गाडी पुन्हा हलेपर्यंत आक्काने घड्याळाकडे इतक्या वेळा पाहिलं की बघून बघून त्याचे काटे झिजले असते. मामा कोपऱ्यात बसले होते. जाकीट काढायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं.

"आक्का, वेळेत पोचतील का गं भावोजी?"

"तोंड उघडू नकोस."

"शेवटच्या टप्प्यात थोडा जादा वेळ धरलेला असतो," भाची हळूच म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं. तेवढा पुरला तर."

मामांना खरंच वाईट वाटत होतं. भावोजी त्यांना टोमणे मारायचे, पण पहिली नोकरी सुटली तेव्हा कारखान्यात शब्द टाकला होता तो भावोजींनीच. त्या माणसाच्या नावावर निवृत्तीच्या दिवशी एक उशीर लागणार, आणि तोही आपल्यामुळे! मामांनी मनातल्या मनात गाडी ढकलायला सुरुवात केली.

भावोजींनी गाडी सोडली ती झकास. शेवटचं वळण गेलं, स्टेशनाचं घड्याळ लांबून दिसू लागलं. भाचीने डोळे बारीक केले. "आई! वेळेवर आहे! अगदी वेळेवर!"

आक्काने डोळे मिटून हात जोडले. मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खिडकीतून फलाट दिसला. ओळीने उभे बँडवाले, गुच्छ घेतलेली मंडळी, पुढे स्टेशनमास्तर. भावोजींनी ब्रेक लावले, गाडी लोण्यासारखी मंद होऊ लागली, आणि चाकांतून धूर निघाला. भरपूर!

फलाटावरच्या लोकांच्या माना वळल्या. स्टेशनमास्तर एक पाऊल मागे सरकले. मामांच्या लक्षात आलं, लोक घाबरले! आता आपणच सांगायला हवं. निदान एवढं तरी काम आपल्या हातून नीट व्हावं! ते दारात जाऊन कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि एक हात हलवत जीव तोडून ओरडले, "काही नाही! घाबरू नका! नुसता धूर आहे!"

गोंगाटात त्यांचं कोणाला काही ऐकू आलं नाही. म्हणून त्यांनी लक्ष वेधायला शिट्टी फुंकली.

फलाटावरच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की धुराने भरलेली गाडी येते आहे आणि पहिल्याच डब्यातून नारिंगी जाकिटातला अग्निसुरक्षा प्रमुख शिट्ट्या मारत हातवारे करतो आहे. मग कोण थांबतंय? सगळ्यांच्या पुढे ढोलवाला पळाला. त्याच्यामागे गुच्छ पळाले. स्टेशनमास्तरांनी भाषणाचा कागद छातीशी धरला आणि तेही सुटले.

गाडी थांबली. अगदी जिथे थांबायला हवी तिथे, आणि घड्याळाच्या काट्यावर.

भावोजी इंजिनातून खाली उतरले. त्यांनी टोपी सरळ केली, डगल्यावरची धूळ झटकली आणि समोर पाहिलं. फलाट रिकामा. एक गुलाबाचं फूल तेवढं वाऱ्याने लोळत होतं.

आक्का लगबगीने त्यांच्यापाशी गेली.

"वेळेवर आलो," भावोजी म्हणाले. "शेवटची गाडी वेळेवर आणली, आणि बघायला कोणी नाही."

"मी बघितलं ना."

भावोजींनी रिकाम्या फलाटावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "सगळी तयारी झालेली, आपण नटूनथटून उभे, आणि यायची ती माणसं कुठेच नाहीत. तुला त्या दिवशी असंच वाटलं असेल, नाही गं?"

इतक्या वर्षांत हे वाक्य आक्काला पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं. तिने खाली वाकून ते फूल उचललं आणि त्यांच्या खिशाला लावलं.

"लवकर कळलं म्हणायचं," ती म्हणाली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "जाऊ द्या. फिटलं."

खांबामागे उभ्या असलेल्या मामांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांची छाती पुन्हा फुगली. "म्हणजे एका परीने बघायला गेलं, तर माझ्यामुळेच—"

"बाळ्या!" दोघं एकदम म्हणाले.

हळूहळू मंडळी परतली. आधी एक गुच्छ डोकावला, मग ढोल आला. शेवटी स्टेशनमास्तर घाम पुसत पुढे झाले. "माफ करा हं साहेब. तुमच्या सत्काराला जरा उशीर झाला."

भावोजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि करड्या आवाजात उत्तर दिलं, "मेहुण्याचा उशीर. माझा नव्हे."

बँड वाजू लागला. मामा मान खाली घालून टाळ्या वाजवत होते. एवढ्यात त्यांचं लक्ष समोरच्या चहाच्या टपरीकडे गेलं. किटलीच्या तोटीतून काहीतरी पांढरं पांढरं वर चाललं होतं. मामांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

शिट्टी गळ्यात नव्हती. ती आक्काच्या मुठीत होती.