सही-शिक्क्याची हेल्प फाइल

ऑडिटरला येऊ तर द्या, श्रद्धा ठासून म्हणाली होती. विचारेल ते पान एका शब्दावर उघडेल. महाळुंग्याच्या एका कंपनीत ती कंत्राटावर होती. ऑडिट नीट पार पडलं तर कायम होणार होती. म्हणून तिनं प्रेस मशीनची सगळी माहिती एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांसारखी लिहिली, भरली ३१२ पानं! मग पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतली एक तयार लायब्ररी घेऊन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम रचला. स्क्रिप्ट पानं गोळा करी, अनुक्रमणिका लावी आणि सगळ्यांची मिळून एकच हेल्प फाइल बांधून देई. 'तेल' टाइप करा, तेलाचं पान हजर!

सोमवारी क्वालिटीचे प्रमुख दादासाहेब यांनी फाइल पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला.

"सही कुठंय?"

अशा फाइलवर सही नसते, हे तिनं तीन तऱ्हांनी सांगून पाहिलं. पण बावीस वर्षांत सही-शिक्क्यावाचून एक कागद दादासाहेबांनी मशीनपर्यंत जाऊ दिला नव्हता, आणि ऑडिट परवावर आलेलं. ३१२ पानं छापली गेली. दादासाहेबांनी मनगटाला बाम चोळत एकेक सही ठोकली, वर लाल शिक्का. श्रद्धानं ती सगळी स्कॅन करून पुन्हा एचटीएमएलमध्ये डकवली. स्क्रिप्टनं निमूटपणे फाइल बांधली. अनुक्रमणिकेत आता 'स्कॅन १' ते 'स्कॅन ३१२' एवढंच उरलं.

"सर, हे नुसते फोटो झाले. शोधलं तर काही सापडणार नाही. कॉम्प्युटरला फोटो वाचता येत नाहीत."

"ऑडिटरला येतात ना?"

बुधवारी ऑडिटरनं 'तेल' टाइप केलं. काही नाही. 'मशीन' टाइप केलं. काही नाही. दादासाहेबांनी कंपनीचं नाव टाकायला सुचवलं, तर कंपनीही सापडेना! शेवटी ऑडिटरनं ऑपरेटर भैरूला विचारलं, तेल कधी बदलायचं हे तो यात कसा शोधतो.

"आमी कशाला शोधतोय साहेब? मशीन कण्हाय लागली की बदलतोय."

श्रद्धानं डोळे मिटून घेतले. गेली नोकरी.

वैतागलेल्या ऑडिटरनं 'स्कॅन १' उघडलं. मग दोन. मग चाळीस, मग दोनशे सात. सही, शिक्का, सही, शिक्का. त्याचा चेहरा खुलत गेला, लग्नात जिलबीचं ताट समोर यावं तसा. कागदपत्रांवर असं नियंत्रण या औद्योगिक पट्ट्यात कुठं पाहिलं नाही, असा शेरा त्यानं मारला.

शुक्रवारी श्रद्धाला कायम केल्याचं पत्र मिळालं. काळेवाडीत आईनं गल्लीभर पेढे वाटले. पत्रात कामाचं स्वरूप दिलं होतं: उरलेल्या सहा विभागांची पानं छापणे, शिक्के मारणे, स्कॅन करणे.

स्क्रिप्ट चालवायला कंत्राटावर माणूस बघताहेत.