एका दाताचा पंचनामा

तुळशीराम मिस्तरी तीन पंच बसवल्याशिवाय इंजिनातल्या खुणा जुळवत नसत.

चोरीला पंच बसतात, शेताच्या भांडणाला बसतात, हे मला ठाऊक होतं. पण मोटारीच्या पोटातल्या दोन दातेरी चाकांसाठी माणसं गोळा करून, त्यांना बाजेवर बसवून, चहा पाजून रीतसर पंचनामा लिहून घेणारा माणूस मी शेलूबाजारला येईपर्यंत पाहिला नव्हता. आणि तो तसा होता म्हणूनच मी तिथं टिकलो. मी कोकणातला, मराठी चौथीतून शाळा सुटलेला. मोटार सर्व्हिसमध्ये तिकिटं फाडायला लागलो, तेव्हा रोज वाटायचं की आज आपली विद्या उघडी पडणार आणि उद्या आपण परतीच्या वाटेला. चौथ्या दिवशी मिस्तरींनी विचारलं, "लिवता येते का?"

"चौथीपर्यंत," मी घाबरत म्हटलं.

"मंग त तू मास्तरच झाला ना बावा!"

तेव्हापासून मी मास्तर. त्यांनी मोटारीचे मालक शेठ यांना सांगून टाकलं, "हा राहू द्या. मले पंचनाम्याले लागते." हे उपकार मी विसरलेलो नाही.

मिस्तरी मूळचे रिठदचे माळी. इंजिनही त्यांना भाजीचा मळाच वाटे. मला समजावून सांगत, "हे पाह्य मास्तर, लहान चाक मोठ्याले फिरवते, अन् मोठं चाक आतली दारं उघडते, बुजवते. पाटाले पाणी येऊन राह्यलं अन् वाफ्याचं दार मोडून उघडलंच नाई, त वांगी वाळली. लवकर मोडलं, त मिरची वाहून गेली. म्हणून ह्या चाकाची खूण त्या चाकाच्या खुणेसमोर आली पाह्यजे. एका दाताचा सवाल हाये!"

हा दात फक्त इंजिनात नव्हता. करीमभाई शिंप्यानं सदऱ्याचं काज तसूभर वर घेतलं, एका दाताचा सवाल. पिठल्यात मीठ जास्त झालं, एका दाताचा सवाल. एकदा त्यांची स्वतःची दाढ पडली, तेव्हा मात्र म्हणाले, "जाऊ दे, तिले खूण नव्हती."

पंच ठरलेले. एक करीमभाई, दुसऱ्या पारबताबाई, स्टँडसमोर भाजी विकणाऱ्या, आणि तिसरा मी. करीमभाई दर वेळी कुरकुरत, "अरे मिस्तरी, दोन ठिपके समोरासमोर आले, हे सांगायले तीन माणसं काहून लागते?"

"तुमचं काय जाते? चहा प्या अन् नीट पाहा."

मग पारबताबाई पदर खोचून वाकत, एक डोळा मिटत आणि निकाल देत, "आले बापा समोर. आता माही मेथी वाळून राह्यली." करीमभाई सही करत. पारबताबाई अंगठा उठवत. शाई कुठली? मिस्तरींच्या हाताला कायम काळं ऑइल असे, बाई त्यावरच अंगठा घासत.

त्या वर्षी लग्नसराईत एक नाजूक काम आलं. मिस्तरींचे धाकटे भाऊ गणपतराव रिठदला शेती करत. दोघांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, अकरा वर्षं अबोला. गणपतरावांनी मुलीचं, यमुनेचं, वऱ्हाड अनसिंगला न्यायला परस्पर शेठकडे निरोप पाठवून आमची मोटार ठरवली. आणि मोटार दोन दिवस आधी खडखडायला लागली.

मिस्तरींनी इंजिन खोललं. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. "यमुनेचं वऱ्हाड रस्त्यात बसलं, त गणपत म्हणन, भावानं मुद्दाम केलं. काय सांगू मंग मी त्याले?"

ह्या जुन्या मोटारीच्या चाकांवरच्या मूळ खुणा कधीच झिजल्या होत्या. कानशीनं नवी खूण करा म्हटलं, तर मिस्तरी म्हणत, "दाताले जखम करू नाई." त्यांनी दोन्ही चाकांच्या समोरासमोर आलेल्या दातांना शेंदूर लावला, तेलात तो टिकतो म्हणे. पंच वाकले. मी पंचनामा लिहिला. मग मोठं चाक उतरवून, धुऊन, शेंदूर सुकावा म्हणून लिंबाखालच्या दगडावर उभं ठेवलं आणि आम्ही जेवायला गेलो.

परत आलो तर चाकाचा देव झालेला. पुढे नारळ फुटलेला, झेंडूची फुलं, उदबत्ती. आणि बाजाराला आलेली एक म्हातारी शेवटच्या दाताला मन लावून शेंदूर फासत होती.

"आजी! हे काय करून राह्यल्या?"

"कोण्या आळश्यानं देवाले एवढासाच शेंदूर लावला होता," म्हातारी म्हणाली. "म्या पुरा केला."

मिस्तरी मटकन खाली बसले. पंचांना बोलावलं. पारबताबाई म्हणाल्या, खुणेचा दात फुलाजवळचा. करीमभाई म्हणाले, नारळाजवळचा. म्हातारी म्हणाली, देवाले दात मोजू नये.

"मास्तर, पंचनामा वाच!"

मी वाचला. 'लहान चाकाचा शेंदूर लावलेला दात मोठ्या चाकाच्या शेंदूर लावलेल्या दातासमोर आहे, हे आम्ही समक्ष पाहिले.'

आता तर सगळ्याच दातांना शेंदूर होता. माझी चौथीची विद्या शेवटी उघडी पडली होती.

मिस्तरी मात्र रागावले नाहीत. देवाच्या जागी त्यांनी एक जुनं, झिजलेलं चाक शेंदूर लावून ठेवलं; म्हातारीनं ते मोठं आहे ना एवढं पाहून मान डोलावली. मग चाक पुसून ते एकटेच इंजिनावर वाकले. दोन बोटं दोन दारांच्या दांड्यांवर ठेवली, डोळे मिटले आणि मोठ्या चाकाचा दांडा तसूतसूनं फिरवू लागले. "एक वाफा बुजून राह्यला... दुसरा मोडून राह्यला... हां! आलं." चाक बसवलं, सगळं आवळलं, हँडल मारलं. इंजिन एका दमात सुरू झालं.

मी बघतच राहिलो. "मिस्तरी, तुम्हाला खुणा लागतच नाहीत! मग पंच कशाला?"

ते हात पुसत राहिले. हात काही स्वच्छ होत नव्हते.

"पुरात धुऱ्याचा धोंडा वाहून गेला होता. मी एकट्यानंच परत गाडला. गणपत म्हणे, दोन पावलं सरकवला. मी म्हणो, नाई. पाह्यलं कोणी? कोणीच नाई." मग हळूच म्हणाले, "आता त मलेच आठवत नाई मास्तर, सरकवला का नाई ते."

मग त्यांनी मला कागद काढायला लावला. करीमभाई आणि पारबताबाई होतेच.

सकाळी गणपतराव मोटार न्यायला आले. भावाकडे न बघता मला म्हणाले, "मिस्तरीले विचारा, इंजिन दगा त नाई देणार?"

"त्याले सांग मास्तर, मी संग येऊन राह्यलो. दगा दिला त मीच ढकलीन."

मिस्तरींनी मला खुणावलं. मी कागद वाचला. 'धुऱ्याचा धोंडा गणपत दाखवील तिथे गाडावा. तुळशीरामची हरकत नाही.' खाली करीमभाईंची सही, पारबताबाईंचा काळा अंगठा आणि तिसऱ्या पंचाची, म्हणजे माझी, जागा कोरी.

गणपतरावांनी कागद हातात घेतला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"शाई कुठं हाये?" शेवटी त्यांनी विचारलं, मला नव्हे.

मिस्तरींनी हात पुढे केला. गणपतरावांनी त्या काळ्या तळव्यावर अंगठा टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.