सासऱ्यांच्या कॉम्प्युटरचा वेग

जावयाच्या हातून एखादं काम धड होऊ शकतं, यावर सासऱ्यांचा लग्नापासूनच विश्वास नव्हता. त्यामुळे त्यांचा रडतखडत चालणारा जुना कॉम्प्युटर दिसताच जावयाने बाह्या सरसावल्या.

"बाबा, यावर लिनक्स नावाची नवी सिस्टीम टाकतो. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, आणि हा खटारा पळायला लागला नाही तर नाव बदलेन."

"फुकट ना? मग असेल तशीच," सासरे म्हणाले.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली तेव्हा त्यांनी सासूबाईंना हाक मारली. "अगं, ये, गेला बघ." पुढे प्रिंटरने बरेच आढेवेढे घेतले, कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या खेळातला राजा सासऱ्यांना अनोळखी वाटला. पण शेवटी बटण दाबलं, आणि ते खुर्चीत नीट टेकायच्या आत कॉम्प्युटर तयार! जावयाला स्वतःचाच हेवा वाटला. सासरे फक्त "हं" म्हणाले.

तीन-चार दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. "काय करून ठेवलंत हे?"

"बंद पडला का, आई?"

"पडला असता तर बरं झालं असतं. पूर्वी हे सकाळी बटण दाबायचे आणि तो सुरू होईपर्यंत दाढी, अंघोळ, पेपर उरकायचे. आता उठले की पत्ते, आणि पत्ते झाले की माझ्या स्वयंपाकघरात. काल डबे उंचीप्रमाणे लावलेत. मीठ कुठे आहे ते मला विचारावं लागतं. अंघोळ दुपारी. ते जुनंच परत टाका."

जावयाला फार वाईट वाटलं. इतकी गुणी सिस्टीम, आणि गुणांपायीच घराबाहेर निघणार. शिवाय जुनं परत टाकलं तर सासरे जन्मभर ऐकवणार. मग त्याला तिचा सगळ्यात मोठा गुण आठवला: तिच्यात काहीही आपल्या मनासारखं बदलता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. तो संध्याकाळी गेला आणि तिला शिकवून आला, की सकाळी बटण दाबलं की आधी स्वस्थ बसायचं, नुसतं चक्र फिरवायचं, आणि सासऱ्यांचा पेपर वाचून होण्याच्या बेताला सुरू व्हायचं. ही गोष्ट फक्त सासूबाईंना ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःहून फोन केला. आवाज अंघोळ झालेल्या माणसाचा होता.

"जावईबापू, मानलं. आधीचं काहीतरी कच्चं होतं, बटण दाबलं की उघडायचं. आता कसं, आत काम चाललंय असं वाटतं. बघा, मन लावून केलं की जमतं तुम्हाला."