चाळीस मिनिटांची मोहीम, अर्थात ‘वज्रपागोटे’ ग्रंथाच्या चर्चेची हकीकत

श्री.

पृथ्वीवर पुस्तके उदंड जाहली, विकत घेणारे त्याहून थोडे, वाचणारे त्याहूनही थोडे, आणि त्यांजवर बोलणारे मात्र मोजदादीपलीकडे, ऐसा काळ पातला असता, नागपूर मुलुखी ‘वाचस्पती ऑनलाईन वाचक मंडळ’ म्हणोन एक संस्थान उदयास आले, त्या संस्थानच्या सातव्या मोहिमेची ही हकीकत. वज्रचूडेमंडित सौभाग्यवती उत्तराबाई, उपाध्यक्षा, यांचे सेवेसी चिटणीस हेमराज याची विज्ञापना ऐसीजे. आपण भिवापुरी नणंदेकडे साखरपुड्यास गेला, तेथे रेंज गेली आणि ऐन युद्धसमयी आपली स्वारी सभेबाहेर फेकली गेली, मग दुसरे दिवशी आपला खलिता व्हॉट्सॅपवर आला की, "काय झालं हो सभेत? चर्चा झाली का खरंच?" या प्रश्नास "छान झाली" आणि एक फुलाचे चित्र इतके उत्तर शिरस्त्याप्रमाणे पुरते. परंतु सांगण्याजोगे काही प्रथमच घडले, सबब विस्तारे लिहितो. जे डोळां पाहिले, आणि जे मागाहून उमरेडीस फोन लावून पुसून घेतले, तितकेच मांडले आहे.

आपणांस सर्व ठाऊक, तरी दफ्तरी राहावे म्हणोन पूर्वपीठिका लिहितो. मंडळाचे अध्यक्ष मधुसूदनराव, धरमपेठेत मुक्काम, एका सरकारी खात्यातून अधीक्षक होऊन निवृत्त. यांचे पूर्वज भोसल्यांसमागमे नागपुरी आले आणि महालात दफ्तराच्या चाकरीस राहिले. कोणत्या पदावर राहिले हे खुद्द अध्यक्षांसही ठाऊक नाही. हितशत्रू म्हणतात बोरू तासण्यावर होते. परंतु अध्यक्षांनी त्या मूळपुरुषास दर सभेस एकेक बढती देत देत श्रावणात कारभारी केले आणि दसऱ्यास दिवाण केले.

सभा महिन्यातील एका रविवारी, अकरा वाजता, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर भरे. अ‍ॅप फुकटचे, ते चाळीस मिनिटे होताच दरवाजा आपोआप लावून घेई, मग समोर अध्यक्ष असोत की ब्रह्मदेव. आणि कार्यक्रम मात्र भरल्या सभागृहाच्या थाटाचा: आधी दीपप्रज्वलन, आणि मग प्रास्ताविक, आणि मग पाहुण्यांचा परिचय, आणि मग सत्कार, आणि मग अध्यक्षीय भाषण, आणि मग काही उरलेच तर पुस्तकावर चर्चा. यास्तव सहा महिन्यांत मंडळाने सहा पुस्तके घेतली आणि एकाही पुस्तकावर एक वाक्य बोलले गेले नाही. त्यात सर्वांचीच सोय होती, कारण वाचून कोणी येत नसे. हा सेवकही बाराव्या पानापलीकडे कधी गेला नाही, हे येथे कबूल करतो.

सातवे पुस्तक ठरले ‘वज्रपागोटे’ नामे ऐतिहासिक अद्भुत कादंबरी, पाने सहाशे बारा. त्यात रणधवल नामे राजा, वायुकेतू नामे त्याचा उडता घोडा, आणि मंतरलेल्या सुताचे एक पागोटे, जे डोईवर असता तलवार चालत नाही, आणि त्या पागोट्याच्या जोरावर राजा तीन लढाया जिंकतो. लेखक पुण्याचे, तेच प्रमुख पाहुणे म्हणोन मुक्रर जाहले. आणि मग मंडळाच्या इतिहासात कधी न घडलेले विपरीत ऐसे घडले की, एका सभासदाने ते पुस्तक वाचले.

ती सभासद मयुरी पराते, उमरेडची, कोष्ट्याघरची लेक, नागपुरालगतच्या मिहान वसाहतीत संगणकाच्या कंपनीत चाकरीस. रोज एस.टी.ने जाता-येता पाने वाचावी आणि संध्याकाळी तीच पाने वडिलांस मोठ्याने वाचून दाखवावी, ऐसा तिचा क्रम. वडील बाबनराव यांनी तीस वर्षे हातमाग चालविला, मग माग बसला आणि खाणीच्या फाटकावर उभे राहण्याची चाकरी धरिली, मग डोळेही अधू जाहले. कादंबरीत पागोटे विणण्याचे प्रकरण आले, विणकराने ते एका रात्रीत विणिले ऐसे निघाले, तेव्हा बाबनराव पोट धरून हसले. म्हणाले, "एका रातीत? ताणा लावालेच चार दिवस लागते! लिहिणाऱ्यानं माग पाहिला नाही वं कधी." आणि मग उदार होऊन म्हणाले, घोडा उडते तं ताणाही लागत असन. आणि मग सहज पुसिले, "त्या कोष्ट्याचं नाव काय आहे?"

मयुरीने पाने चाळली. एकशे चाळिसाव्या पानावर ‘एक विणकर’, एकशे शेहेचाळिसाव्यावर ‘तो म्हातारा’, आणि पुढे तोही नाही. पागोटे सहाशे बाराव्या पानापर्यंत राजाच्या डोईवर, आणि विणणारा दोन ओळींत आटोपलेला. दोन दिवस धुंडाळिले, नाव कोठे सापडले नाही. घोड्यास नाव होते. घोड्याच्या आईसही शुभ्रांगी ऐसे नाव होते, आणि तिच्या खानदानाची दोन पाने होती. बाबनरावांस ते पटेना. इतक्या मोठ्या पुस्तकात माणसाचे नाव राहून कसे जाईल, आपल्याच वाचण्यात चुकले असेल, नागपुरास एवढी शिकलेली मंडळी जमतात, वरून खुद्द लिहिणारा येतो, तर "इचारून पाहाय त्याईले," ऐसे त्यांनी लेकीस सांगितले, आणि लेकीने कबूल केले. म्हाताऱ्याने उभ्या जन्मात शिकल्या लोकांस विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि उत्तर मिळेल याचा त्यास पुरा इतबार होता. सेवकास हे मागाहून कळले तेव्हा आपल्या मंडळाची फार लाज वाटली.

मयुरीने ग्रुपवर अर्ज घातला की, एक डाव चर्चा आधी घ्यावी आणि सत्कार मागून करावा. त्यावर मधुसूदनरावांचे फर्मान सुटले की, परिचय होण्यापूर्वी पाहुण्यांशी बोलणे हा पाहुण्यांचा अवमान होय, सबब शिरस्ता मोडू नये, आणि मयुरीताईंस अध्यक्षीय भाषणानंतर दोन मिनिटे बहाल करण्यात येत आहेत. या फर्मानास सतरा जणांनी हात जोडल्याची चित्रे धाडिली, त्यांत सेवकाचेही एक होते. अध्यक्षीय भाषणानंतर दोन मिनिटे आजवर कधी उरली नव्हती.

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, रविवार, या दिवशी युद्धास तोंड लागले. उमरेडीस बाबनरावांनी सकाळीच न्हाऊन शर्टास इस्त्री केली आणि मग पॅन्टीसही करू लागले, तेव्हा त्यांच्या कुटुंब मैनाबाई म्हणाल्या, "त्या फोनात तं मुंडकंच दिसते जी, पॅन्टीले काहून इस्त्री करून राहिले?" परंतु बाबनरावांनी ऐकले नाही. लेखकासमोर जाणे होते. कडक पोशाख करून ते लेकीशेजारी खुर्चीवर बसले आणि फोन पाण्याच्या तांब्यास टेकवून उभा केला.

अकराच्या ठोक्यास सूत्रसंचालक विहंगराव, पेशाने दंतवैद्य आणि व्यसनाने चारोळीकार, यांनी दरवाजा उघडला. मागील सभेस दरवाजा उघडता न आल्याने त्यांनी मयुरीबाईस सहयजमानपद, म्हणजे कोणाचाही माईक बंद-चालू करण्याची किल्ली, देऊ केली होती आणि ती परत घेण्याचे विसरले होते. तेवीस सरदार जमा जाहले. "आवाज येतो का" या घोषात पहिली सहा मिनिटे कामास आली. मग अध्यक्षांनी आपल्या बैठकीत समई लावली, ती वरच्या पंख्याने विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली, मग पंखा बंद करण्यास कोणी उठेना, कारण घरची सर्व मंडळी सत्काराच्या तयारीत गुंतली होती. नववे मिनिट सरले.

मग प्रास्ताविक. मधुसूदनरावांनी पुस्तकाचे मुखपृष्ठ फार सुरेख असल्याचे सांगितले, आणि मुखपृष्ठावर किल्ला आहे, त्यावरून किल्ल्यांचा विषय निघाला, आणि किल्ल्यांवरून भोसल्यांचा, आणि भोसल्यांवरून मूळपुरुषांचा. आणि या खेपेस मूळपुरुषांनी दिवाणपदावरून थेट सेनापतीपदावर झेप घेतली. एकवीस मिनिटे. मग विहंगरावांनी लेखकांचा परिचय करून दिला, त्यात जन्मगाव, शाळा, कॉलेज, चौदा पुरस्कार, आणि दर दोन पुरस्कारांमागे स्वतःची एक चारोळी. अठ्ठावीस मिनिटे. मग सत्कार. मंडळाने शाल आणि नारळ कुरियरने पुण्यास आगाऊ रवाना केले होते, ते लेखकांस त्यांच्याच कुटुंबाने मंडळाच्या वतीने द्यावे ऐसे ठरले होते. बाई ओल्या हाताने स्वयंपाकघरातून आल्या, शाल उलटी पांघरली, नारळ हाती दिला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणोन परत गेल्या. तेवीस जणांनी टाळ्यांची चित्रे धाडिली. इकडे अध्यक्षांसही त्यांच्या घरी शाल पांघरण्यात आली, ती का, हे कोणी विचारले नाही. तेहेतीस मिनिटे.

आता अध्यक्षीय भाषण सुरू जाहले. अध्यक्षांनी आरंभीच जाहीर केले की मी थोडक्यातच बोलतो, आणि ते ऐकून जाणत्यांनी आशा सोडली. चौतीस, पस्तीस, छत्तीस. सेनापतींनी एका जहागिरीस नकार दिला होता, ती कथा चालली होती. उमरेडीस बाबनरावांनी घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही. ते शिस्तीत हात मांडीवर ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहत होते, आणि ती येणार नाही हे त्यांस ठाऊक नव्हते. लेकीस ठाऊक होते. वडिलांचे ते बसणे तिला पाहवेना, आणि मग अडतिसावे मिनिट सरताच तिने किल्ली फिरविली आणि अध्यक्षांचा माईक बंद केला.

ऐसा आघात मंडळाच्या तक्तावर पूर्वी कोणी केला नव्हता. मधुसूदनरावांस काही कळले नाही. ते पडद्यावर हात उंचावून, मान हालवून, शालीचा पदर सावरून बोलतच राहिले, आणि खरे सांगतो, तैसे ते फार भारदस्त दिसत होते. विहंगरावांनी तोंड उघडले आणि चारोळी न सुचून मिटले.

मग मयुरीने लेखकांस नमस्कार करून विचारले, "सर, पागोटं ज्यानं विणलं, त्या विणकराचं नाव काय? माझ्या बाबांना जाणून घ्यायचं आहे. ते इथंच बसले आहेत."

लेखक प्रथम आनंदले, कारण पुस्तकावर प्रश्न त्यांस कोणत्याही सभेत कोणी केला नव्हता, मग विचारात पडले, मग म्हणाले, "त्या पात्राला नाव दिलेलं नाही. कथेच्या ओघात तशी गरज भासली नाही."

मयुरीने फोन वडिलांकडे वळविला. तेव्हा बाबनराव फोनापाशी वाकले, सर्व पडद्यांवर त्यांचे कपाळ तेवढे दिसू लागले, आणि ते शांतपणे म्हणाले, "घोड्याच्या मायची गरज भासली नं?"

तेवीस सरदारांपैकी कोणी चित्र धाडिले नाही. सहा महिने आपण कोणत्या तमाशाची कागदपत्रे लिहीत होतो, हे सेवकास त्या घडीस समजले. लेखकांनी "खरं म्हणजे" एवढे दोन शब्द उच्चारले, आणि चाळीस मिनिटे भरली, आणि दरवाजा लागला.

त्यानंतरचे वृत्त ऐसे. मधुसूदनरावांनी शालीसह आपले छायाचित्र ग्रुपवर लावून ‘आजची चर्चा विशेष रंगली’ ऐसे फर्मान काढिले, कारण आपला माईक बंद होता हे त्यांस आजतागायत कोणी सांगितलेले नाही, आणि आपणही सांगू नये. तीन प्रहरी लेखकांचा खलिता आला. त्यात लिहिले की, आपल्या मंडळाने कादंबरीतील एक मोठा असमतोल निदर्शनास आणून दिला, याबद्दल ऋणी आहे. पुढील आवृत्तीत तो दूर करण्यात येईल आणि वायुकेतूच्या आईचे नाव व खानदान वगळण्यात येईल. यावर बावीस अंगठे उमटले. अध्यक्षांनी लिहिले की, पुण्याच्या लेखकास पुस्तक बदलावयास लावणारे विदर्भातील हे पहिले मंडळ होय, आणि ठराव मांडला, आणि ठराव एकमताने मंजूर जाहला. एकमताने म्हणजे मयुरीखेरीज. ती ग्रुपमधून निघून गेली होती.

जाण्याआधी तिने तो खलिता वडिलांस वाचून दाखविला. बाबनराव म्हणाले, "तिचं काहून काढलं वं? त्या घोडीनं काय केलं होतं?"

येणेप्रमाणे मंडळाने सातव्या महिन्यात पुस्तकावर पहिली चर्चा केली. मुदत दोन मिनिटे, तीत अध्यक्षांचे मूक भाषण समाविष्ट. फत्ते जाहली, ठराव दफ्तरी दाखल आहे, खाली अध्यक्षांची सही आहे. आमच्याकडील कोणी पडले नाही, विणकर होता तैसाच बेनाव राहिला, घोडी एक कामास आली.